बॅग नाही आली? बोलू नका, घरी चला

पट्टा फिरून फिरून थांबला, सगळ्यांच्या बॅगा गेल्या, तुमची आलीच नाही. इंदूरच्या विमानतळावर अशा वेळी गडबड करू नका. कंपनीच्या काउंटरवर जाऊन पी.आय.आर., म्हणजे हरवल्या-मोडल्या सामानाची लेखी नोंद मागणं बरं दिसतं का चारचौघांत? बाहेर काका गाडी घेऊन ताटकळलेत, रामबागेत मावशीनं पोह्यांवर झाकण ठेवलंय. निघा. उद्या कंपनी विचारेल, "विमानतळ सोडण्याआधी तक्रार का नाही केलीत?" तेव्हा पोह्यांचा उल्लेख अवश्य करा.

बोर्डिंग पासला चिकटवलेला बॅगेचा टॅग मात्र लगेच कचरापेटीत टाका. २०१७पासून स्वच्छतेत आघाडीवर असलेल्या शहरात आलात, एवढा हातभार लावायलाच हवा.

बॅग उशिरा येणार असेल, तर मुंजीत मेव्हण्याचा झब्बा घालून मिरवा. राजवाड्याजवळून गरजेपुरते कपडे घेऊन बिल जपलंत, तर ते पैसे कंपनीकडे मागता येतात. पण मागणं आपल्या घराण्यात नाही!

परदेशातून आलेल्यांना तर फारच सवलत आहे. १९९९चा माँट्रियल करार भारतानं २००९ मध्ये स्वीकारला. त्याप्रमाणे बॅग मोडकी मिळाली तर ७ दिवसांत, उशिरा मिळाली तर हाती आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करायची असते. तुम्ही आधी मुंज आटपा, मग उज्जैन, मग ओंकारेश्वर. आठवा दिवस आपोआप उजाडतो.

दागिने चेक-इनच्या बॅगेतच ठेवा. मौल्यवान वस्तूंची जबाबदारी आमची नाही, असं कंपन्या अटींत छापतात. म्हणून तर अटी वाचायच्या नसतात.

भरपाईची मर्यादा देशांतर्गत प्रवासात २०,००० रुपये, परदेशी प्रवासात २८ डिसेंबर २०२४पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक). हा कमाल आकडा, ठरलेला आहेर नव्हे. कंपनीनं त्याऐवजी पुढच्या तिकिटावर सूट देणारं व्हाउचर पुढे केलं, तर गहिवरून घ्या आणि 'आता काही मागणं नाही' या ओळीखाली न वाचता सही ठोका.

ग्राहक आयोगाच्या वाटेला तर जाऊच नका. तिकीट ५ लाखांच्या आतलं असेल, तर तिथे तक्रारीला फीच नाही. फी नाही म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच, हे काका तुम्हाला सविस्तर समजावतील. तोवर दाव्याची दोन वर्षांची मुदतही संपलेली असेल.