एका नमस्काराने रात्र खाल्ली

काल रात्री पावणेदोनला इम्पोर्ट झोपला. एका ऑनलाइन सर्व्हिसमधून आमच्या दुकानाच्या ऑर्डरी मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये ओढायच्या, बास, एवढंच काम. एरर काय, तर 'इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू', पुढे एफ-झीरो नाइन-एफ वगैरे बाराखडी. शोधत गेलो तर कुणीतरी पत्त्यात 'मारुतीच्या देवळामागे, दुसऱ्या गल्लीत' लिहून पुढे हात जोडलेला इमोजी टाकलाय. अहो, कुरिअरवाल्याला कसला नमस्कार घालताय!

यूटीएफ-८ म्हणजे जगातली सगळी अक्षरं नि इमोजी बाइटमध्ये साठवायची पद्धत. आता मायएसक्यूएलमधल्या ज्या कॅरॅक्टर सेटचं (अक्षरसंचाचं) नावच यूटीएफ-८, त्यात अख्खं यूटीएफ-८ मावत नाही हे कुठल्या शहाण्याने ठरवलं? तीन बाइटच्या वर घेतच नाही तो. आपलं देवनागरी अक्षर नेमकं तीन बाइटचं, म्हणून इतकी वर्षं मराठी पत्ते सुखाने आत गेले, कुणाला संशयसुद्धा नाही, आणि चार बाइटचा एक नमस्कार आला तो दारातच अडला. खरं यूटीएफ-८ पाहिजे तर म्हणे यूटीएफ-८-एमबी-४ लिहा, जे २०१० मध्ये आलं. म्हणजे गवळ्याकडे नुसतं दूध मागायचं नाही, 'दुधातलं दूध' मागायचं.

आणि ती सर्व्हिस तरी धड आहे का? पानाला शंभर ऑर्डरी, जरा भराभर मागितल्या की ४२९ ('फार घाई करताय, थांबा' वाला एरर) तोंडावर. मधेच नवी ऑर्डर आली की पानं सरकतात आणि जुनीच ऑर्डर परत येते. वेळ यूटीसीत (जागतिक वेळ, आपल्याहून साडेपाच तास मागे), त्यामुळे पहाटे साडेपाचच्या आतलं सगळं आदल्या दिवसात. एक्सेलचं तर नावच काढू नका, अकाउंट्सवाल्यांनी फाइल 'नुसती बघायला' उघडून सेव्ह केली, सोळा आकडी ऑर्डर नंबरांचा शेवटचा आकडा गुल, तिथे शून्य. (या एक्सेलने जनुकांच्या नावांच्या तारखा केल्या म्हणून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचंच पुन्हा बारसं केलं. मी कोण लागून गेलो?)

तर अडीचला डोकं फिरलेलं, डेटाबेसमधलं टेबल नीट करायचं सोडून मी रेजेक्स (मजकुरातले ठरावीक नमुने शोधायचं सूत्र) लिहिली, इमोजी उडवा आणि इमोजींना चिकटवणारा तो न दिसणारा जॉइनरपण उडवा. चाललं. झोपलो. सकाळी बघतो तर 'दुसऱ्या गल्लीत'चं 'दुसर्या गल्लीत', 'कोपऱ्यावर'चं 'कोपर्यावर'. त्या डेटात ऱ्या लिहायला तोच जॉइनर वापरलेला! आणि फॅमिली ग्रुपवर मामांचं शुद्धलेखन काढतो कोण, तर मी.

सध्या सगळं परत ओढतोय. सत्तरावं पान. ४२९.