"गावठी कोंबडीला रोग लागत नाही" म्हणे! त्या मेसेजबद्दल थोडं

गेल्या आठ दिवसांत हा मेसेज मला चार ग्रुपवर आला, त्यातल्या एकावर तर आमच्या भाऊजींनीच टाकला, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकतो. मेसेज असा: "गावठी कोंबडी निसर्गाची देण आहे, तिला रोग लागत नाही, लस फक्त बॉयलरला. बाजारातून नवी कोंबडी घेताना लाल तुऱ्याची, तरतरीत बघा आणि रात्री अंधारात खुराड्यात सोडून द्या, सकाळी सगळ्या एक झालेल्या दिसतील. तीन दिवस हळद-लसणाचं पाणी पाजा, मानमोडी जवळ येत नाही." खाली हात जोडलेले अन् "शेतकरी हितासाठी पुढे पाठवा".

राजेहो, मी हे सगळं करून बसलो आहे. दोन वर्षांआधी आखाडीच्या तोंडावर दिग्रसकडच्या एका आठवडी बाजारातून दोन तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, अन् एक कोंबडा आणला, तुरे लालभडक, पाय बांधलेले तरी फडफडत होते, रात्री आईच्या खुराड्यात सोडले. सहाव्या दिवशी एक तलंग पंख सोडून बसली, हिरवी-पांढरी हगवण, मंग दोन दिवसांनी कोंबड्याची मान वाकडी झाली, अन् त्यानंतर आईच्या कोंबड्या ज्या पडायला लागल्या त्या तेवीसच्या चार उरल्या. आई एवढंच म्हणाली, "तू बाजारातून कोंबडी नाई आणली, मर आणली बाप्पा."

आता एकेक गोष्ट घेऊ.

गावठीला रोग लागत नाही म्हणे. अरे मानमोडी म्हणजे राणीखेत, अन् ते उत्तराखंडातल्या एका गावाचं नाव आहे, तिथं हा रोग सापडला म्हणून आपल्याकडं हे नाव पडलं. १९२६ मध्ये जावा बेटावर अन् इंग्लंडातल्या न्यूकॅसलला तो पहिल्यांदा नीट ओळखला गेला, राणीखेतचं त्याच सुमाराचं. त्या काळात आपल्या देशात बॉयलर नावाची चीज होती का? गावठी कोंबडी उन्हात फिरते, किडे-दाणे स्वतः शोधते, काटक असते हे मान्यच, पण काटकपणा वेगळा अन् विषाणू वेगळा. लस नसलेल्या कळपात हा रोग जोरात शिरला तं जवळपास सगळा कळप घेऊन जातो. "आमच्या आजीनं कधी लस दिली नाई" म्हणणाऱ्यांनी आजीलाच विचारा, दर दोन-तीन वर्षांनी खुराडं रिकामं व्हायचं का नाई ते. व्हायचं, अन् "मर आली होती" म्हणून लोक पुन्हा पिल्लं बसवायचे, बस.

दुसरं, तरतरीत बघून घ्या. हेच सगळ्यात जास्त फसवते. राणीखेतचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते पंधरा दिवस लागतात, बहुतेक वेळा पाच-सहा. म्हणजे बाजाराच्या दिवशी ती कोंबडी तुमच्या हातात मस्त फडफडणारच. लस दिलेली कोंबडी तं आणखी गंमतच, तिला स्वतःला काही होत नाही पण विषाणू तिच्या अंगात शिरू शकतो अन् विष्ठेतून, नाका-तोंडातून बाहेर पडू शकतो. सर्दी-खुरखुरीचे जे रोग आहेत, सीआरडी म्हणतात तो किंवा तोंड सुजवणारा कोरायझा, त्यातून बरी झालेली कोंबडी पुढं कितीतरी दिवस, सीआरडीत तं जन्मभर, रोग अंगात बाळगून फिरते. नाक स्वच्छ, तुरा लाल. टोपलीत कोंबून, उन्हात ठेवून, गाडीवर उलटी लटकवून आणली की त्या ताणानं आतला रोग उचल खाते, अन् तोवर ती तुमच्या घरी आलेली असते.

आणि बाजारात कोंबडी येते कुठून हे पण बघा ना. घरात मर लागायला सुरुवात झाली की गावात पहिला सल्ला काय मिळते? "उरलेल्या बाजारात नेऊन टाक, पैसे तरी येतील." मलेही हाच मिळाला. अन् खोटं कशाला बोलू, त्या उरलेल्या चारमधल्या दोन मी नेल्या. लाल तुऱ्याच्या होत्या, तरतरीत. कोणीतरी घेतल्या, भावही केला नाई. त्या माणसाच्या खुराड्याचं काय झालं असेल हा विचार मले नंतर आला, पण तेव्हा उशीर झाला होता. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रांत अन् कोंबड्यांच्या झुंजीसाठी चोरून भरणाऱ्या कोंबडबाजारात तं दहा गावचे कोंबडे एका जागी येतात अन् परत दहा गावी जातात.

रात्री सोडायची युक्ती खरी आहे, पण ती भांडणासाठी आहे भाऊ! अंधारात सोडल्या की चोचींची मारामारी कमी होते एवढंच. सगळ्या एकाच भांड्यात पाणी पितात, एकाच दांड्यावर बसतात, मंग रोगाला अंधार काय अन् उजेड काय.

हळद-लसणाबद्दल जास्त लिहीत नाही. द्या, वाईट काही नाई. पण राणीखेतवर औषधच नाही, ना घरचं ना मेडिकलचं, मेडिकलमधली ती अँटिबायोटिकची पिवळी पावडरही विषाणूवर चालत नाही. आहे ती फक्त लस, अन् ती आधी द्यायची. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना डोळ्यात किंवा नाकात थेंब, पुढं लासोटा नावाची लस पाण्यातून, दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बी नावाच्या लसीची सुई. लोक म्हणतात दहा कोंबड्यांसाठी शंभर डोसची बाटली कोण फोडते, तर मोहल्ल्यातल्या चार-पाच घरांनी मिळून फोडा, ढोराच्या दवाखान्यात विचारा. बाटली बर्फात आणायची, आपल्या मे महिन्याच्या उन्हात खिशात टाकून आणली तं ते नुसतं पाणीच समजा. सकाळी थंड वेळी द्या, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलेलं नळाचं पाणी नको, विहिरीचं चालते, अन् कालवल्यावर दोन तासांत संपवा. लस दिल्याच्या दिवशीच कोंबडी कळपात मिसळू नका, लस लागू पडायला दोन आठवडे तरी जातात. अन् ही लस फक्त राणीखेतची, देवीची वेगळी, सर्दी-खुरखुर, उवा, पिसवा, जंत याला तिचा उपयोग नाई.

मग करायचं काय, तं नवी कोंबडी तीस दिवस वेगळी ठेवायची. सांदवाडीत जागा नाई म्हणता, वावरातल्या कोठ्यात ठेवा, नाहीतर घराच्या दुसऱ्या अंगाला डाल्याखाली. भांडी वेगळी. आधी जुन्यांना दाणा-पाणी, मंग नवीनला, उलटं नाई, अन् तिकडं जायची चप्पल वेगळी, कारण विष्ठा चप्पलेलाच चिकटून येते. लेकरांना दटावून ठेवा, ते इकडचं तिकडं करतातच. रोज बघा: नाकात फेस, डोळ्यात पाणी, हिरवी हगवण, पंख सोडणं, पंखाखाली उवा. तीन आठवड्यांनी काही नसलं तं घरची एक कमी किमतीची कोंबडी तिच्यासोबत ठेवून आठवडाभर पाहायचं, तिला काही झालं नाई तं मिसळा. मलेही आधी हे शहरी नखरे वाटत होते. अन् अंडी आणून आपल्या खुडुक कोंबडीखाली बसवणं कोंबडी आणण्यापेक्षा बरंच, फक्त सीआरडी अन् पांढरी हगवण अंड्यातूनही येते, म्हणून अंडीही खोकणाऱ्या घरची घेऊ नका.

आणखी एक. एकदम पटापट मेल्या, तुरे काळे-निळे पडले, तं बर्ड फ्लूही असू शकते, त्या खाऊ नका, विकू नका, नाल्यात फेकू नका. १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या नंबरवर फोन करा. बर्ड फ्लू इकडं कुठं असते म्हणणाऱ्यांसाठी, २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ अन् एक बिबट्या त्यानंच गेले.

भाऊजींनी ग्रुपवर मले विचारलं, "मग तू काय करतो?" सध्या कोठ्यात डाल्याखाली एक कोंबडा आहे, आज एकोणिसावा दिवस, पहाटे चारला आरवून सगळ्यांची झोप मोडते, आई रोज म्हणते सोड त्याला, अन् मी रोज म्हणतो अजून अकरा दिवस.