ड्रममधली खोटी पातळी

प्लांटच्या मॉडेलमध्ये स्टेडी-स्टेटचे, म्हणजे सगळं स्थिर चालू असतानाचे, आकडे जुळले की कंट्रोलची चिंता मिटली, असं एका लेखात वाचलं; ते पटलं नाही. बॉयलरचंच घ्या. टर्बाइनवर लोड अचानक वाढला की ड्रमचं (पाणी आणि वाफ वेगळी होते त्या टाकीचं) प्रेशर पडतं, पाण्यातले वाफेचे बुडबुडे फुगतात आणि पातळी चढलेली दिसते. प्रत्यक्षात पाणी कमी होत असतं. साधा लेव्हल कंट्रोलर नेमका तेव्हाच फीडवॉटरचा (बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचा) व्हॉल्व्ह आवळतो! म्हणून तर पातळीसोबत वाफेचा आणि फीडवॉटरचा प्रवाहही बघणारं थ्री-एलिमेंट कंट्रोल आलं. डिस्टिलेशनमध्येही स्थिर आकड्यांत वेळेचा फरक दिसत नाही: रीबॉयलरची (कॉलमच्या तळाच्या हीटरची) वाफ सेकंदांत वर पोचते, रिफ्लक्स (वरून परत सोडलेला द्रव) मात्र ट्रेमागून ट्रे उतरत मिनिटं खातो. आपल्याकडे कित्येक साखर कारखान्यांत को-जन (वाफेवरची वीजनिर्मिती) आणि डिस्टिलरी एकाच बॉयलरवर असतात, तिथे तर दोन्ही भानगडी एकदम. डायनॅमिक (वेळेनुसार बदल दाखवणारं) मॉडेल जरूर करा, फक्त त्यात व्हॉल्व्हचं चिकटणं धरा. नाहीतर कंट्रोलरचं ट्यूनिंग स्क्रीनवरच छान दिसेल.