माणसाशी नव्हे, पिढीशी बोला

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही साहेब झालात, त्यामुळे हाताखालची माणसं ओळखत बसण्याची आता गरज नाही. एचआरकडून यादी मागवा, जन्मसालाचा रकाना काढा आणि पिढ्यांचं कोष्टक लावा. १९४६ ते १९६४ बूमर, १९६५ ते १९८० जेन एक्स, १९८१ ते १९९६ मिलेनियल आणि १९९७ पासून पुढे जेन झी. स्वभाव, सवयी, निष्ठा, फोन उचलतो की नाही, सगळं कळतं. ज्योतिषाला निदान जन्मवेळ तरी लागते, तुमचं काम नुसत्या सालावर भागतं. ३१ डिसेंबर १९९६च्या रात्री जन्मलेलं मूल कष्टाळू आणि चारच तासांनी जन्मलेलं नाजूक, हे मनाशी पक्कं करा आणि कामाला लागा.

मध्येच कुणीतरी वाचणारा माणूस आडवा येईल. तो सांगेल की, ही सालं ज्या प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेमुळे घराघरांत पोचली, त्यांनीच २०२३ मध्ये हात आखडता घेतला. आजच्या तरुणांची तुलना पूर्वीच्या तरुणांशी त्याच वयात करता येईल, एवढी जुनी आकडेवारी हाताशी असेल तरच पिढ्यांवर बोलू, असं त्यांनी ठरवलं. त्याच्याही आधी, २०२० मध्ये, अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञानसंस्थेच्या समितीने कर्मचाऱ्यांचं व्यवस्थापन पिढीच्या लेबलांवरून करण्याला पुरेसा आधार नाही, असा निर्वाळा दिला होता. ऐकून घ्या, मान डोलवा आणि पुढच्या वर्कशॉपला त्या माणसाला बोलावू नका. वक्त्याचं मानधन आधीच मंजूर झालेलं असतं.

शिवाय जुनी आकडेवारी तुमच्यापाशी आहेच की. तिचं नाव 'आमच्या वेळी'. आमच्या वेळी साहेब बोलले की आम्ही उभे राहायचो. आमच्या वेळी घड्याळाकडे कुणी बघत नव्हतं. ही आकडेवारी तपासायची नसते. तपासायला गेलात तर चोविसाव्या वर्षी तुम्ही पहिली नोकरी अकरा महिन्यांत सोडली होती आणि जाताना साहेबांबद्दल जिन्यात काय बोलला होतात, तेही आठवेल. त्या वयाचे सगळे साधारण तसंच वागतात, अशी शंका एकदा डोक्यात शिरली की कोष्टक गेलं.

आता संवादाकडे वळू. मेसेज जितका तोकडा, तितका साहेब मोठा. हे मी स्वानुभवावरून सांगतो. माझ्या टीममधल्या एका मुलीने रात्री अकराला अहवाल पाठवला. मी गाडीत होतो. 'ठीक.' एवढंच टाइप केलं, पुढे पूर्णविराम दिला, कारण मला शाळेत तसंच शिकवलंय. सकाळी ती लाल डोळ्यांनी केबिनमध्ये आली, हातात दोन प्रती. रात्रभर बसून तिने अख्खा अहवाल नव्याने लिहिला होता. म्हणाली, "सर, पहिल्यात नेमकं काय चुकलं होतं, एवढं सांगाल का?"

पहिला मी उघडलाच नव्हता.

दुसराही तिच्यासमोरच चाळला. मग तिला समजावलं की माणसाने इतकं मनाला लावून घेऊ नये. पुढे वर्कशॉपमध्ये हाच प्रसंग 'नव्या पिढीला कौतुकाचं व्यसन' या मथळ्याखाली सांगितला आणि टाळ्या मिळवल्या. फाइल न उघडल्याचा भाग वेळेअभावी गाळावा लागला.

शब्दसुद्धा जड वाटत असतील तर अंगठा पाठवा. मराठी माणसाला हे चिन्ह नवं नाही. आपल्याकडे अंगठा उठवला की कर्ज मंजूर, अंगठा दाखवला की माणूस हातावर तुरी देऊन पसार. एकाच बोटाचे दोन टोकांचे अर्थ आपण आनंदाने वापरत आलोय. आता त्यात भर अशी, की तुमच्या मते त्याचा अर्थ 'मिळालं' आणि समोरच्या तेवीस वर्षांच्या मुलाच्या मते 'पुरे कर'. कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये एका शेतकऱ्याने जवसाच्या कराराच्या फोटोला अंगठा पाठवला. माल काही पोचला नाही, प्रकरण कोर्टात गेलं. मी फक्त 'मिळालं' म्हणत होतो, असं त्याचं म्हणणं. २०२३ मध्ये कोर्टाने ती सहीच धरली आणि त्याला सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरायला लावले. तुम्ही मात्र निर्धास्त राहा. तुमच्या अंगठ्याची किंमत समोरचा भरतो.

यानंतर तुमच्या वाट्याला 'का?' येईल. हा सर्वांत घातक शब्द आहे. आमच्याकडे दर शुक्रवारी एक तक्ता भरून पाठवायची पद्धत होती. नव्या मुलाने विचारलं, "हा कोण बघतं?" सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने कुणाच्या तरी वडिलांचं नाव अरेतुरेत घेतलं. उत्तर मिळालं नाही, तेव्हा त्याने तक्ता पाठवणंच बंद केलं. सहा आठवडे कुणाला पत्ता नाही. सातव्या आठवड्यात त्याने स्वतःच येऊन सांगितलं. हा तक्ता मागवणारे गृहस्थ केव्हाच निवृत्त झाले होते, हे त्या चौकशीत निघालं. अशा वेळी नेतृत्वाचा कस लागतो. तक्ता आहे तसा चालू ठेवा आणि मुलाच्या मूल्यमापनात 'वृत्ती' या सदरात दोन गुण कापा.

तरुणांकडून शिकण्याचीही एक रीत आहे. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्च यांनी १९९९ मध्ये आपल्या पाचशे वरिष्ठांना इंटरनेट शिकण्यासाठी तरुण गुरू गाठायला लावले. तुम्हीही एक गुरू नेमा. त्याच्याकडून पासवर्ड बदलून घ्या, प्रिंटर चालू करून घ्या. त्याचं कामाबद्दल काही मत आहे का, हे विचारण्याइतकं मात्र शिष्यत्व पत्करू नका.

तरुण वाचक एव्हाना हा लेख स्क्रीनशॉट काढून आपल्या साहेबांना न दिसणाऱ्या ग्रुपवर टाकत असतील. टाका. 'साहेबांना साधा फोन करून विचारलं असतंत तर रात्र वाचली असती' हे मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तुमची पिढी फोन करत नाही, हे कोष्टकात लिहिलेलं आहे आणि तुम्हीही ते अभिमानाने बायोमध्ये लावता.

ती दोन प्रतीवाली मुलगी आता टीम लीडर आहे. परवा लिफ्टमध्ये भेटली. नव्या मुलाने सकाळपासून सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवून ठेवला होता. "ऐकलास का?" मी विचारलं. "सर, सात मिनिटं? 'ओके' टाकून दिलं. या नव्या पोरांना ना, दोन ओळी नीट लिहिता येत नाहीत. आमच्या वेळी..."

मजला आला. मी घाईत अंगठा वर केला आणि बाहेर पडलो. तिने त्याचा काय अर्थ घेतला, ते विचारायचं राहूनच गेलं.