गाडीतला बदल तपासून बघणारं कुणीतरी हवं

जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून पोलिसांनी त्यावर रोडरोलर फिरवला की तो व्हिडिओ इथे जर्मनीत आमच्याही मोबाइलवर येऊन पोचतो. पुण्याचा असो की नागपूरचा, त्यावरची चर्चा ठरलेली. मोठी माणसं म्हणतात, बरं झालं, अद्दल घडली. पोरं म्हणतात, परदेशात बघा कसल्या कसल्या गाड्या फिरतात, आपल्याकडेच मेली सगळ्याला बंदी. मग कुणीतरी मला विचारतं, तुमच्याकडे काय आहे?

आमच्याकडे नियम जास्त कडक आहेत, हे पोरांना आधी सांगायला हवं. गाडीत केलेल्या बदलामुळे इतरांना धोका संभवत असेल, धूर किंवा आवाज वाढत असेल, तर जर्मनीत त्या गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच संपतो. गाडी उभी असताना तिचा आवाज किती डेसिबल असावा, हा आकडा तिच्या नोंदणीच्या कागदावरच छापलेला असतो. पोलीस यंत्र लावून मोजतात आणि कागदाशी ताडून बघतात. फटाके फोडणाऱ्या बुलेटची इथेही गय होणार नाही, आणि व्हायलाही नको. रात्री अडीच वाजता दवाखान्यावरून असली गाडी नेणाऱ्याबद्दल मला जराही सहानुभूती नाही.

पण इथे तपासून घेण्याची सोय आहे. समजा, तुम्हाला गाडी खाली बसवायची आहे आणि रुंद चाकं लावायची आहेत. ती लावा आणि टीयूव्ही किंवा डेक्रासारख्या तपासणी संस्थेच्या इंजिनिअरसमोर गाडी उभी करा. हे काम मी जवळून पाहिलं आहे. पुढचं एक चाक आणि तिरक्या कोपऱ्यातलं मागचं चाक उंच ठोकळ्यांवर चढवतात. गाडी पिळली जाते, सगळं वजन एका तिरक्या रेषेवर येतं. मग इंजिनिअर स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो, खाली वाकून मडगार्डच्या आत हात घालतो आणि टायर कुठे घासतो का ते चाचपतो. घासला तर गाडी परत. नाही घासला तर बदलाची नोंद कागदावर होते आणि पुढे कुणी अडवलं तर तो कागद दाखवायचा. यात पैसा जातो, वेळ जातो, कागदांचा ढीग होतो, आणि हातात पैसे नसलेल्या पोराला हे सगळं परवडतंच असं नाही. तरीही ‘हो’ म्हणू शकणारा एक माणूस त्या वाटेवर बसलेला आहे. एसेनच्या मोटार शोमध्ये तर पोलिसांच्या रंगातली एक मॉडिफाय केलेली गाडीच मांडतात. सरकार आणि या धंद्यातली संघटना यांचा २००५ पासून चालू असलेला हा उपक्रम आहे. बदल करा, पण सुरक्षित आणि नियमात बसणारा करा, हे तरुणांना गाडी दाखवून सांगतात.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका खटल्यात स्पष्ट केलं की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सीएनजी किटला वाट आहे, अपंग व्यक्तीसाठी गाडी बदलून घ्यायलाही आहे. पण एखाद्याने स्वतःच्या डोक्याने काही बनवलं, तर ते घेऊन त्याने कोणत्या खिडकीवर जायचं?

देवराष्ट्रे गावचं उदाहरण आठवा. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, सांगली जिल्हा. तिथल्या एका कारागिराने भंगारातले भाग जुळवून साधारण साठ हजारांत जीपसारखी चारचाकी बनवली, स्कूटरसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी ती पाहिली. ही नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल, असं त्यांनी उघड लिहिलं आणि त्या गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्या महिन्यात ती दिलीही. त्यांच्या मनाचा मोठेपणा होता तो. मला मात्र आजही हळहळ वाटते ती त्या गाडीसाठी. तिचे ब्रेक कसे होते, वळताना ती कलंडली असती का, शेतापासून बाजारापर्यंत ताशी तीसच्या वेगाने तिला जाऊ देता आलं असतं का, हे ठरवायला कुणीच नव्हतं.

युद्धानंतरच्या जर्मनीत फ्रिट्झ फेंड नावाच्या इंजिनिअरने युद्धात अपंग झालेल्या सैनिकांसाठी तीनचाकी बनवायला घेतली. तीही टंचाईतूनच आलेली कल्पना. पुढे मेसरश्मिटच्या विमान कारखान्याने तिच्यावरून १९५३ पासून तीनचाकी मोटारी काढल्या. विमानासारखं पारदर्शक झाकण बाजूला उघडायचं, एकामागे एक बसायचं, आणि हातात गोल स्टिअरिंगऐवजी हँडल. १९५५ च्या मॉडेलला तर वेगळा रिव्हर्स गिअरच नव्हता. इंजिन बंद करून उलटं सुरू करायचं, म्हणजे मागे जायलाही चारही गिअर मिळायचे! आज लोक पैसे मोजून म्युझियममध्ये ती बघायला जातात. मोठ्या कंपन्यांना अशी मोकळीक आजही मिळते. बीएमडब्ल्यूने २००८ मध्ये पत्र्याऐवजी ताणलेलं कापड चढवलेली ‘जिना’ दाखवली. दार उघडलं की बिजागरीपाशी कापडाला चुण्या पडतात. ती कन्सेप्ट कार, तिला रस्त्यावर यायचंच नव्हतं. देवराष्ट्र्याच्या गाडीला यायचं होतं.

हे आपल्याला जमणार नाही, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला २००७ पासून बाहा स्पर्धा होते. इंजिनिअरिंगची मुलं कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून बग्गी बनवतात आणि शर्यतीत उतरण्याआधी प्रत्येक बग्गी तपासली जाते. चालकाभोवतीच्या पिंजऱ्याचे पाइप, इंजिन बंद करणारं लाल बटण, सगळं बघतात. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं एकदम जाम झाली नाहीत तर गाडी परत पाठवतात. एकेकटी बनवलेली गाडी तपासण्याची विद्या आपल्याकडे आहे, आणि पुण्यात गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआयसारखी १९६६ पासूनची संस्थाही आहे. तिथे आज सगळा भर कंपन्यांच्या मॉडेलवर असतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक विभागात एक तपासणी केंद्र असावं, जिथे एका माणसाची एक गाडी घेतली जाईल. फी परवडेल अशी असावी. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, आवाज, धूर तपासा. नापास झाली तर कशात झाली ते लिहून द्या. पास झाली तर वेगाची आणि रस्त्याची मर्यादा घालून नंबर द्या. सायलेन्सरवर रोलर खुशाल फिरवा, पण देवराष्ट्र्यासारखी पुढची गाडी येईल तेव्हा तिचे ब्रेक दाबून बघणारा इंजिनिअर त्या केंद्रात बसलेला असू द्या.