‘माणसाचा वाटा फक्त ३ टक्के’: अर्धवट वाचलेला हिशेब

हवामानबदलाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के. दरवर्षी हवेत जाणाऱ्या या वायूपैकी ९७ टक्के निसर्गच सोडतो, माणूस फक्त ३ टक्के. एक ज्वालामुखी फुटला की माणसाची सगळी काटकसर वाया. हिमयुगांच्या नोंदींत तर आधी तापमान वाढलं, वायू मागाहून. तेव्हा उत्सर्जन घटवण्याचे करार म्हणजे निव्वळ कर लादण्याचा बहाणा.

मजकूर चतुर आहे. त्यातले काही आकडे चक्क बरोबर आहेत, म्हणून तर तो इतकी वर्षं टिकलाय.

सगळ्यात वजनदार मुद्दा ३ टक्क्यांचा, तेव्हा आधी तोच. सजीवांचं श्वसन, पालापाचोळ्याचं कुजणं आणि समुद्राचा पृष्ठभाग यांतून वर्षाला ७०० ते ८०० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोळसा, तेल, नैसर्गिक वायू, सिमेंट आणि जंगलतोड यांतून माणूस सोडतो तो साधारण ४० अब्ज टन. भागाकार केला तर उत्तर ३ नव्हे, ५ टक्क्यांच्या आसपास येतं, पण त्यावर अडून बसायचं कारण नाही. खरी गोम पुढे आहे. या मजकुरात वहीचं जमेचं पान मोठ्याने वाचलं जातं आणि खर्चाचं पान उलटलंच जात नाही. वनस्पती आणि समुद्र मिळून निसर्ग जेवढा वायू सोडतो तेवढा परत घेतो, शिवाय माणसाने सोडलेल्यातलाही जवळपास निम्मा घेतो. हवेत दरवर्षी प्रत्यक्ष भर पडते ती सुमारे २० अब्ज टनांची. ही वाढ निसर्गाची असती, तर ती माणसाच्या ४० अब्जांवर आणखी काही दिसली असती. ती निम्मीच दिसते, याचा अर्थ निसर्ग सध्या निव्वळ घेणारा आहे, देणारा नाही.

हे पटवून घ्यायला नुसत्या बेरीज-वजाबाकीवर विसंबायचीही गरज नाही. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षांचे जुने असल्यामुळे त्यांत कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार उरलेलाच नसतो. दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होत जातो. हवेतल्या कार्बनमध्ये या कार्बन-१४चं प्रमाण जीवाश्म इंधनामुळे घटतंय, हे १९५०च्या दशकातच शास्त्रज्ञ हान्स झ्यूस यांनी झाडांच्या वलयांवरून दाखवलं. दुसरी खूण ऑक्सिजनची. काहीही जाळलं की ऑक्सिजन खर्ची पडतो, आणि हवेतला ऑक्सिजन खरोखरच किंचित कमी होत चाललाय (श्वासाची चिंता नको, साठा अफाट आहे). तिसरी खूण समुद्राची. वायू समुद्रातून बाहेर पडत असता तर पाण्यातलं त्याचं प्रमाण घटलं असतं. उलट ते वाढतंय आणि पाण्याची आम्लता त्यामुळेच चढतेय.

ज्वालामुखींचा दावा एका परिच्छेदापलीकडे जागा देण्याच्या लायकीचा नाही. जगातल्या सगळ्या ज्वालामुखींचं मिळून वार्षिक उत्सर्जन माणसाच्या उत्सर्जनाच्या १ टक्काही भरत नाही. १९९१मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला, तेव्हा गंधकाच्या कणांमुळे पृथ्वी वर्ष-दोन वर्षं थोडी थंडच झाली.

आता ०.०४ टक्के. हवेचा ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा. या दोघांचे रेणू जमिनीतून परत फिरणारी अवरक्त उष्णता जवळपास अडवतच नाहीत. त्यामुळे ते कितीही असले तरी या कामात त्यांची मोजदाद नाही. अडवणारे वायू थोडे आहेत आणि त्यांच्याविना पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिलं असतं. आज ते अधिक १५च्या जवळ आहे. वायूंचा हा गुण भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९मध्ये प्रयोगशाळेत मोजला, म्हणजे हवामान करारांचा विचारही कुणाच्या डोक्यात नव्हता तेव्हा. पाण्याची वाफ या कामात कार्बन डायऑक्साइडपेक्षा पुढे आहे हे खरं, पण हवेत वाफ किती मावणार ते तापमान ठरवतं. जास्तीची वाफ काही दिवसांत पाऊस होऊन खाली येते. कार्बन डायऑक्साइडची भर शतकानुशतकं पुरते. औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाख रेणूंमागे तो २८० होता, आता ४२०च्या वर गेलाय. ‘फक्त ०.०४’ म्हणणाऱ्यांनी ही दीडपट झालेली वाढ मात्र सोयीस्करपणे गाळलेली असते.

हिमयुगांच्या बाबतीत मजकुरात थोडं तथ्य आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या नोंदींत हिमयुग ओसरताना तिथलं तापमान आधी चढू लागल्याच्या खुणा आहेत. सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि अक्षातल्या संथ बदलांनी झाली. समुद्र तापले, त्यांनी वायू सोडला आणि त्या वायूने पुढची तापमानवाढ आणखी रेटली. त्या वायूचा वाटा धरला नाही, तर साऱ्या पृथ्वीवर झालेल्या वाढीचा मेळ बसत नाही. आणि आज कक्षेने अशी काही कलाटणी घेतलेली नाही. इंधन आपण जमिनीतून उपसून जाळतोय.

राहिला करारांचा प्रश्न. ‘३ टक्क्यांत कपात करून काय साधणार?’ हे विचारणाऱ्याने पॅरिस कराराचं चौथं कलम पाहावं. तिथे शतकाच्या उत्तरार्धात मानवी उत्सर्जन आणि वायूचं शोषण यांचा तोल साधायचं उद्दिष्ट आहे. निसर्गाचं श्वसन बंद करायला कुणी सांगितलेलं नाही. तापमान किती वाढणार हे मुख्यतः आजवर एकूण किती वायू सोडला त्यावर ठरतं: दर १,००० अब्ज टनांमागे सुमारे ०.४५ अंश. म्हणून निव्वळ उत्सर्जन शून्यावर येईपर्यंत पारा चढतच राहणार, आणि प्रत्येक वर्षाची दिरंगाई त्या बेरजेत ४० अब्जांची भर घालते.

करारांवर टीका करायची तर जागा भरपूर आहे. पॅरिस करारात उद्दिष्ट चुकलं तर दंड नाही. आधी कुणी आणि किती कपात करायची हा वाद १९९२च्या हवामान कराराने ‘सामायिक पण भिन्न जबाबदाऱ्या’ असं म्हणून मिटवला नाही, पुढे ढकलला. कार्बन कर चांगला की थेट नियम, यावर जाणकारांत आजही जुंपते. या वादांत जरूर उतरावं, पण त्यासाठी ३ टक्क्यांचा आकडा काही कामाचा नाही.