चाळीस रुपयांचा मासा आणि नऊशेचं बिल: आपल्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

आपण एक स्टार दिलात, वाचून वाईट वाटलं. आपल्या माशांच्या टँकमधला एक मासा काढताना घरात अडीच तास पसारा पडला, वहिनींना बाथरूममधल्या बादल्या काढून द्याव्या लागल्या, त्याबद्दल दिलगीर आहोत. पण "चाळीस रुपयांचा मासा धरायला नऊशे घेतले, जाळी घालून पाच मिनिटांत निघाला असता, नवशिके आहेत" असं जे आपण लिहिलंय, त्यावर बोलणं भाग आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं अ‍ॅक्वेरियमचं दुकान असलं तरी नवीन गिऱ्हाईक आता पाटी बघून येत नाही, हे असलंच वाचून येतं.

नऊशे रुपये माशाचे नव्हतेच साहेब, झाडांचे होते. रिकाम्या टँकमधून कुठलाही मासा पाच मिनिटांत निघतो. आपला टँक चार फूट बाय दीड बाय दीड. तळाला अ‍ॅक्वासॉइल म्हणजे झाडांची खास माती, पुढं माँटे कार्लो या बुटक्या झाडाचं कार्पेट, मागं गवतासारखं उंच व्हॅलिस्नेरिया, मधे अनुबियासची झाडं बांधलेलं ड्रिफ्टवूड, म्हणजे सजावटीचं लाकूड. त्यातून काढायचा होता पाच इंची चायनीज अल्गी ईटर, म्हणजे शेवाळ खाणारा मासा. वरून जाळी दिसली की तो सरळ खाली झाडांत घुसतो आणि लाकडाखाली जाऊन बसतो. त्याच्या मागं जाळी फिरवली तर पहिल्यांदा कार्पेट उखडतं, मग सॉइलमधला गाळ वर येतो आणि त्याबरोबर अमोनिया. दुसऱ्या दिवशी आपले छोटे टेट्रा मासे पाण्यावर येऊन तोंड मारायला लागले असते, तर तो रिव्ह्यू केवढा झाला असता?

म्हणून पहिल्यांदा बाटली लावली. "कोल्ड्रिंकची बाटली टाकून बसून राहिले" असं आपण लिहिलंय. दोन लिटरची बाटली खांद्यापाशी कापून तोंड उलटं आत बसवतात, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण बाटलीचं तोंड आतून जेमतेम दोन सेंटीमीटर. एवढा जाड मासा त्यातून आत जात नाही, म्हणून आटे असलेली मान कापून भोक चार सेंटीमीटर करावं लागतं आणि कड तापवून गुळगुळीत करावी लागते, नाहीतर अंग सोलवटतं. बाजूनं गरम सुईनं भोकं पाडायची, नाहीतर आत अडकलेला मासा गुदमरतो. तळाला दोन खडे, आत उकळत्या पाण्यातून काढलेली काकडीची चकती. हा सापळा भुकेल्या माशाला लागतो.

आणि इथंच आमचं म्हणणं आहे. फोनवर सांगितलं होतं, व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकलं होतं: आदल्या दिवसापासून खाणं बंद, आम्ही यायच्या आधी दोन तास लाईट बंद, आणि पाणी काढून ठेवायला दोन स्वच्छ ड्रम. आम्ही आलो तेव्हा लाईट चालू होती, पाहुण्यांना दाखवायला म्हणून नुकतंच खाणं टाकलेलं होतं आणि एक अल्गी वेफर (माशांच्या खाण्याची चकती) अजून तळाला पडलेलं दिसत होतं. पोट भरलेला मासा काकडीकडं ढुंकून बघत नाही. बाटलीत गेले ते आपले टेट्रा. पाऊण तास तिथं गेला, तो आपण आमच्या हिशोबात धरलात.

त्यानंतर पाणी उतरवण्याशिवाय मार्ग नव्हता. हीटर बंद करून थंड होऊ द्यायचा, नाहीतर पाण्याबाहेर आला की काच तडकते. झाडांसाठी सोडलेला सीओटू वायू बंद. पाणी उतरलं की टँकबाहेरचा कॅनिस्टर फिल्टर हवा ओढायला लागतो, म्हणून त्याचे दोन्ही पाइप बादलीत सोडून चालू ठेवायचा, कारण बंद पडून राहिला तर आतले पाणी साफ ठेवणारे बॅक्टेरिया मरतात. आपल्या टँकमध्ये खरं पाणी दोनशे लिटरच्या आसपास. त्यातलं सव्वाशे-दीडशे बादल्यांनी काढून जपून ठेवलं, नळाचं सगळं नवीन भरलं असतं तर क्लोरीनचा आणि तापमानाचा दणका बसला असता. पाणी सहा इंचांवर आल्यावर अ‍ॅक्रिलिकची शीट उभी सरकवत मासा एका कोपऱ्यात आणला. मोठी काळी जाळी तिथं आधीच उभी होती, हलवायची ती दुसरी लहान. तो काचेला चिकटला की मोठी जाळी काचेवर सपाट टेकवून खालून वर घ्यायची, एवढंच. धरायला खरोखर पाच मिनिटंच लागली, तेवढं आपलं बरोबर आहे.

कार्पेट उखडल्याचा फोटो टाकलाय. तो डावीकडचा कोपरा आहे. घरातल्या छोट्यानं हौसेनं दुसरी जाळी घातली होती, पोराचं कौतुकच आहे, पण उखडलं ते तिथं. आम्ही चिमट्यानं बारीक बारीक जुडगे करून परत लावलं, बिलात वेगळं धरलं नाही. पाणी गढूळ दिसलं ते बशीवरून हळू भरूनही थोडं होतंच. फिल्टरमध्ये कापूस वाढवून आलो होतो, दुसऱ्या दिवशी स्वच्छ झालं असेल. तो फोटो काही दिसला नाही.

मासा आमच्याकडचा नव्हता, हेही नोंदवतो. "सायामीज" (अल्गी ईटरचीच दुसरी जात) म्हणून कुणीतरी दिला होता. सायामीजची काळी पट्टी थेट शेपटीच्या टोकापर्यंत जाते आणि त्याला असं चोखायचं तोंड नसतं. चायनीज लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की चपट्या माशांच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो. आपल्या एंजल माशाच्या बाजूला ते ओरखडे होते, म्हणूनच तर आम्हाला बोलावलंत.

इथून पुढं वेळ आणि दर आधी लेखी देऊ, बघतो कसं जमतंय ते. आपल्या बिलाचंही दुकानात आलात तर काहीतरी करू.

एंजलवर मात्र लक्ष ठेवा. ओरखड्यावर कापसासारखं पांढरं दिसलं तर मोठ्या टँकमध्ये मीठ टाकू नका, झाडं जळतील. एंजल वेगळ्या टबात घेऊन त्याच टँकचं पाणी, हवेचा पंप आणि लिटरला एक ते दोन ग्रॅम साधं, आयोडीन नसलेलं मीठ. फोटो पाठवा, सांगतो. त्याचे पैसे नाहीत.